पडलेले मथळे

१

घरात तिला माऊ म्हणत. चाळिशी उलटली, केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या, तरी माऊच. ऑफिसात मात्र ती मथळेवाली. लेख लिहायचे इतरांनी आणि त्यांना मथळे द्यायचे हिने, दिवसभर हेच काम. वजन कमी करण्यापासून वारसाहक्कापर्यंत कुठलाही विषय असो, लेख हिच्याकडे आला की वाचकानं त्यावर बोट ठेवलंच पाहिजे, असा मथळा जायचा.

डेस्कच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचं एकच शास्त्र होतं. "पाहुण्याला ताट दाखवायचं, पण ताटावरचं झाकण काढायचं नाही. वास तेवढा येऊ द्यायचा. मग बघ, चपला न काढता आत येतो की नाही!"

प्रत्येक लेखाला मथळे दोन द्यायचे, असा तिथला नियम होता. लेख साइटवर चढला की अर्ध्या वाचकांना एक दिसायचा आणि उरलेल्यांना दुसरा. ज्याच्यावर जास्त बोटं पडली तो राहायचा. दुसरा काढून टाकायचा, तोही कायमचा. निवडणुकीतल्या उमेदवारासारखं त्याला 'पडला' म्हणायचे. पडलेल्याची आठवण कोण ठेवतो? माऊसुद्धा ठेवत नसे.

म्हणूनच त्या सकाळी चहा पिताना बाबा जे बोलले ते आधी तिच्या लक्षातच आलं नाही.

"तुमच्या उशीत दडलेली ही गोष्ट कुणीच का सांगत नाही?" बाबा म्हणाले आणि बशीत चहा ओतायला लागले.

"कुठली गोष्ट, बाबा?"

"तेच तर. पुढे काही नाही."

माऊ कप विसळायला उठली आणि नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. आदल्या दिवशी उशा किती दिवसांनी बदलाव्यात असा एक रटाळ लेख आला होता. त्याला तिनं दोन मथळे दिले होते. हा त्यातला पडलेला.

२

आता माऊ काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. ज्या हातांनी रोज 'हे वाचून तुमच्या अंगावर काटा येईल' असं लिहायचं, त्या हातांवर काटा यायचा कसा? तिनं लगेच कारण शोधलं. काम करताना पुटपुटायची तिला सवय होती. कधी घरी बसून काम करताना बोलली असेल आणि बाबांच्या कानांवर पडलं असेल. त्यांचे डोळे गेल्यापासून कान फार तिखट झाले होते. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. बाकी सगळं घर ते ऐकून ओळखायचे.

पण उशीचा मथळा तिनं घरी लिहिलाच नव्हता. तो ऑफिसातला होता.

मग कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून तिनं विषय सोडला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाबा दाढी करून घेता घेता म्हणाले, "तो रोज त्याच बाकावर बसायचा, आणि मग एक दिवस..." आणि थांबले. साबणाचा फेस लावलेली हनुवटी तशीच वर धरून राहिले, जणू कुणीतरी पुढचं सांगणार होतं.

हाही पडलेलाच.

असं वाट बघत बसलेलं बाबांना तिनं एकदा आधीही पाहिलं होतं. आई गेली त्या दिवशी.

डोळे गेल्यापासून रोज दुपारी आई त्यांना पेपर वाचून दाखवायची. त्यांच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर होत्या, एक वाचायची आणि एक ऐकायची. अंगठा जिभेला लावून पान उलटायची आईची सवय होती. माऊ त्यावरून किती ओरडायची! आणि बातमी लांबलेली तर आईला मुळीच सोसायची नाही. मथळा वाचला की ती थेट शेवटच्या ओळीवर उडी मारायची. "मला नाही बाई असं टांगून राहता येत," म्हणायची. लेकीच्या धंद्याला तर ती उघडउघड नावं ठेवायची. "अर्धं बोलायचे पैसे मिळतात हिला!"

त्या दुपारी वाचता वाचता आई थांबली. मग म्हणाली, "अहो, माऊला सांगा की..." आणि पुढे काहीच नाही.

बाबांना वाटलं, पान उलटतेय. मग वाटलं, डुलकी लागली. बाईमाणूस दिवसभर राबतं, झोपू दे. ते बिचारे समोर बसून राहिले. वाक्य पुरं व्हायची वाट बघत, तिच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून खोकलासुद्धा दाबून. संध्याकाळी माऊनं कुलूप काढलं आणि दिवा लावला, तेव्हा बाबांनी ओठांवर बोट ठेवून तिला खूण केली, "हळू. आई झोपलीय."

माऊला सांगा की, काय? दूध आणायला? जप म्हणून? की आणखी काही, जे आईनं आयुष्यभर मनात ठेवलं होतं? हा प्रश्न माऊच्या घशात तेव्हापासून अडकला होता. कामावर असताना, आंघोळ करताना, गर्दीत चालताना तो वर यायचा. तिनं हजारो माणसांना अर्धवट वाक्यांवर टांगलं होतं. आता तीच एकावर टांगली होती आणि उघडून बघायला कुठे बोट ठेवावं ते कळत नव्हतं.

३

बाबांना सांभाळायला दिवसा एक मावशी यायच्या. बोलघेवड्या, पण मनानं सोन्यासारख्या. माऊनं त्यांना गाठलं.

"मावशी, बाबा दुपारी काय करतात हो?"

"काय करणार? जेवले की खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. तुम्ही ते लावून देता ना, ते ऐकत बसतात."

"मी काय लावून देते?"

"ते वाचनाचं हो. फोनवर का कशावर. बाईचा आवाज आहे. छान वाचते, पण मेलं एकेकच ओळ वाचते. मी म्हटलं, असेल बाई नवीन पद्धत."

माऊनं काही लावून दिलं नव्हतं. बाबांच्या खोलीत फोन नव्हता, रेडिओ नव्हता. होता तो रोजचा पेपर. आई गेल्यावरही बाबांनी तो बंद करू दिला नव्हता. रोज सकाळी मावशी तो स्टुलावर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी घडी न मोडलेला रद्दीत टाकायच्या, असं माऊ समजून होती.

ती रद्दीपाशी गेली. वरच्या पेपरची घडी मोडलेली होती. खालच्याचीही. सगळ्यांचीच. पानं नीट जुळवून पुन्हा घडी घातलेली होती आणि प्रत्येक पानाचा खालचा कोपरा जरासा फुगलेला होता, ओला होऊन वाळलेल्या कागदासारखा.

रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला दुपारी कोण वाचून दाखवतं?"

बाबांनी घास खाली ठेवला. त्यांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं.

"कोण म्हणजे? तुझी आई."

म्हातारपण, एकटेपणा, मनी वसे ते स्वप्नी दिसे. माऊकडे कारणं भरपूर होती. पण कारणांना कागदाचे कोपरे ओले करता येत नाहीत.

"काय वाचते?"

"तुझंच सगळं. पण माऊ, एक सांगू? रागावू नकोस." बाबांचा आवाज एकदम खाली आला. "तिला फार त्रास होतो गं. मथळा असतो आणि खाली काहीच नसतं. कोरं. ती शोधते, पान उलटते, पुन्हा उलटते. तुला तिचा स्वभाव माहितीय. मला विचारते, अहो, पुढे काय? मी आंधळा, मी काय सांगणार?"

असं म्हणून बाबा रडायला लागले. माऊनं त्यांचा हात धरला आणि तीही रडली. भीती वाटायला हवी होती. पण त्या रात्री तिला नुसतं वाईट वाटलं, फार फार वाईट.

४

तरी तिनं एकदा खात्री करून घेतली. स्वभावच तो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर आवरण्याच्या लेखाला तिनं एक चांगला मथळा दिला आणि एक मुद्दाम टाकाऊ. 'निळ्या बरणीचं झाकण.' बस्स, एवढंच. मास्तरांनी भुवया उंचावल्या. "मथळेवाली, आज तब्येत बरी नाही का?" झाकण अर्थातच पडलं, आणि तेही सपशेल.

संध्याकाळी घरी आली तर मावशी चप्पल घालून दारातच उभ्या. "ताई, त्या बरण्या कुणी उघडल्या? मी नाही हो. दुपारी भांडी खडखडली म्हणून आत गेले तर सगळ्या बरण्या ओट्यावर. झाकणं एका बाजूला मांडून ठेवलेली, आणि निळीचं कुठेच नाही."

निळ्या बरणीचं झाकण हरवून दोन वर्षं झाली होती. माऊनंच हरवलं होतं, आणि आई त्यावरून कितीदा बोलली होती.

आतून बाबा म्हणाले, "नाही सापडलं तिला. फार शोधलं बिचारीनं."

माऊ ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणजे आई नुसतं वाचत नव्हती. जे वाचायची, ते पुरं करायला बघायची. आणि म्हणजेच, जे पडतं ते तिच्यापर्यंत पोचतं. हे मनात आलं मात्र, आणि माऊला दुसरं काही सुचेना. पोचत असेल तर विचारता येईल.

५

आठवडाभर तिनं धीर गोळा केला. मग एक लेख आला. नवरा किंवा बायको गेल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं मन कसं सांभाळावं यावर कुणा डॉक्टरांनी कळवळून लिहिलं होतं. माऊनं तो दोनदा वाचला. असा लेख पुन्हा मिळाला नसता.

एक मथळा पडायला हवा होता. तो तिनं आधी लिहिला.

'माऊला काय सांगायचं होतं?'

कोण माऊ, कुणाला सांगायचं होतं, कशाबद्दल, वाचकाला ओ की ठो कळणार नाही. हा पडणारच. आणि तो नक्की पडावा म्हणून दुसऱ्यात तिनं सगळं कसब ओतलं. सरळ काळजाला हात घालेल असा मथळा हवा होता. समोर बाबांचा चेहरा आणून तिनं लिहिलं:

'मागे राहिलेल्या जोडीदाराला आता एक दिवसही एकटं ठेवू नका.'

मास्तरांनी दोन्ही वाचले. दुसऱ्यावर मान डोलावली. पहिला पुन्हा एकदा वाचला. लेख चढला.

माऊ चहाला गेली. आज दुपारी आई वाचेल. आज ती वाक्य पुरं करेल, आणि संध्याकाळी बाबा सांगतील. एवढ्या दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. चहावालीला तिनं उगाच काहीतरी विनोदही सांगितला.

परत आली तर डेस्कवर चारपाच जण तिच्या खुर्चीभोवती उभे.

"अगं कुठे होतीस? पळतोय बघ तुझा मथळा!" मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे चक्क ओले होते. "एवढी वर्षं मी झाकणाच्या गोष्टी सांगतोय. आज तू सगळ्यांना दाखवलंस. बघ, लोक काय लिहितायत खाली. एक म्हणतो, माझी आई पण असंच अर्धं बोलून गेली. दुसरी म्हणते, मी अजून तिच्या फोनची वाट बघते. कोण गं ही माऊ?"

माऊनं पडद्याकडे पाहिलं. वर एकच मथळा उरला होता. 'माऊला काय सांगायचं होतं?'

ज्या बाईनं जन्मभर अर्धवट ओळी विकल्या, तिला एवढं कळू नये? नाव द्यायचं, ओळख द्यायची नाही. प्रश्न द्यायचा, उत्तर द्यायचं नाही. टाकाऊ म्हणून तिनं आयुष्यातला सर्वांत चांगला मथळा लिहिला होता.

"दुसरा?" तिनं विचारलं. "मास्तर, दुसरा कुठे?"

"दुसरा केव्हाच पडला."

ती पर्स तिथेच टाकून धावत सुटली.

६

भर दुपार होती. जिन्यात कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी वाजत होती, वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. माऊ धापा टाकत वर आली तेव्हा मावशी पालेभाजी निवडत निवांत बसल्या होत्या.

"लवकर आलात? बरं नाही का?"

"बाबा?"

"खोलीत आहेत. आज स्वारी खुशीत आहे हो. चांगले हसले मघाशी. मोठ्यानं म्हणाले, 'अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचं?' आणि ती वाचणारी बाईपण हसली. आज पहिल्यांदाच तिनं एका ओळीपुढे वाचलं बघा. बराच वेळ चाललं होतं, दाराआडून शब्द काही कळले नाहीत. आता थांबलंय."

दार लोटलेलं होतं. माऊनं कडीला हात लावला आणि तिला वाटलं, उघडू नये. उघडेपर्यंत बाबा आहेत. आत पान उलटल्याचा आवाज आला. एकच, सावकाश. तिनं दार ढकललं.

खिडकीतलं ऊन दोन्ही खुर्च्यांवर पडलं होतं. ऐकायच्या खुर्चीत बाबा, मान जराशी कलती, हात मांडीवर. चेहऱ्यावर कसली वाट बघणं नव्हतं. पुरी गोष्ट ऐकून झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. फक्त तिची दबलेली गादी हळूहळू वर येत होती, कुणीतरी आत्ताच उठल्यावर येते तशी. स्टुलावर पेपर उघडा होता. खालचा कोपरा ओला होता. माऊनं बोट लावलं. ऊब होती.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, काय म्हणाली ती?"

मागून मावशींनी हंबरडा फोडला तेव्हा तिला कळलं, की आपण हा प्रश्न कितीतरी वेळा विचारलाय.

७

लोक आले, गेले. मावशीही हुंदके देत दुसरीकडे कामाला लागल्या. माऊ पुन्हा ऑफिसात जायला लागली. मास्तरांना तिनं सांगून टाकलं, यापुढे मी लेखाला एकच मथळा देणार आणि त्यात सगळं सांगणार. मास्तरांनी हरकत घेतली नाही. माणूस दुःखात आहे, म्हणाले.

पेपर मात्र तिनं बंद केला नाही.

एका सुट्टीच्या दुपारी ती त्या खोलीत गेली. इतके दिवस टाळलं होतं. बाबांच्या खुर्चीत बसवेना, म्हणून ती समोरच्या, आईच्या खुर्चीत बसली. पेपर मांडीवर घेतला. बाहेर कुणीतरी चादरी झटकत होतं. खोली अगदी नेहमीसारखी होती आणि त्यानंच तिला भडभडून आलं. दोघं गेली, एकमेकांजवळ गेली, छान झालं. पण तिला कुणी काही सांगितलं नाही. तिच्यासाठीचा निरोप होता, आणि तो बाबांना कळला, तिला नाही.

तेवढ्यात समोरून खोकल्याचा आवाज आला.

बारीकसा, दाबलेला. वाचणारी थांबली की बाबा असाच खोकायचे. म्हणजे, वाच की.

माऊनं मान वर केली नाही. पेपरकडेच बघत राहिली. समोरच्या खुर्चीचा वेत किंचित करकरला. आणि बाबांच्या खुर्चीमागे, भिंतीला टेकून कुणीतरी उभं आहे, हे तिला न बघता कळलं. उंची ओळखीची होती. पायांशी साडीचा काठ दिसला न दिसलासा झाला.

दोघं ऐकायला आली होती.

माऊनं अंगठा जिभेला लावला. तिच्या स्वतःच्याच ते नंतर लक्षात आलं. पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं आणि त्याच्या मागचंही. कोऱ्या कागदावर माथ्याशी एकच ओळ होती, आणि ती तिला वाचावीच लागणार होती. तिच्यासाठीच दोघं थांबली होती.

"माऊला सांगा की," तिनं वाचलं.

खाली काहीच नव्हतं. समोर पुन्हा खोकला आला, मायेनं, घाई न करता. माऊनं तोंड उघडलं. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, अगदी आलंच होतं. तिला ते आता ठाऊक होतं आणि किती साधं होतं ते! आनंदानं तिचे डोळे भरून आले. ते सांगायला घरात जिवंत असं कुणीच नव्हतं.

बाहेर चादरी झटकणं थांबलं. खिडकीतलं ऊन हळूहळू तिच्या पायांवरून सरकलं, मग मांडीवरून. समोरची दोघं आवाज न करता थांबून राहिली. पोर दिवसभर राबते, झोपू दे.